केशवराव भोसले नाट्यगृह: जसे होते तसे

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. रंगमंच, पडदे, विंगा, खुर्च्या, लाकडी सज्जा, छप्पर, जे जे पेटण्यासारखे होते ते सगळे काही तासांत गेले. मागच्या बाजूला लागूनच असलेल्या खासबाग कुस्ती मैदानाचा रंगमंचही त्या आगीतून वाचला नाही. समोरची दर्शनी बाजू आणि भिंतींचा सांगाडा तेवढा उभा राहिला. आत प्रयोग चालू नव्हता, त्यामुळे जीवितहानी झाली नाही. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचे नाव या वास्तूला आहे त्या केशवरावांची जयंती होती आणि तिच्या कार्यक्रमाची तयारीही झालेली होती. कलावंत आणि रसिक त्या दिवशी जमले, पण जळक्या वासाच्या दारात. पांढऱ्या केसांची माणसे तिथे लहान मुलांसारखी रडली.

एक इमारत जळाली म्हणून एवढी माणसे रडत नाहीत. नाट्यगृह हे गावातल्या नाटकवेड्यांचे एकत्र येण्याचे ठिकाण असते. या मंडळींची कुठे नोंदणी नसते, वर्गणी नसते, अध्यक्ष नसतो. तरी कोणत्या रविवारी कोणता प्रयोग आहे, कोण तिसऱ्या रांगेत बसते, कोण मध्यंतरात बटाटेवडा हातात धरून पहिल्या अंकाची चिरफाड करते, हे सगळ्यांना ठाऊक असते. बुकिंगची खिडकी, पायऱ्या, मागचे दार आणि रस्त्यापलीकडचा चहा ही त्यांची भेटण्याची ठिकाणे. दार अचानक बंद झाले की नाटक दुसऱ्या सभागृहात नेता येते, पण या मंडळींचा पत्ता हरवतो. त्यामुळे नाट्यगृह परत येणे याचा अर्थ छप्पर पुन्हा चढवणे एवढाच घेतला, तर काम अर्धेच होते. हे इथे नीट समजायचे, तर त्या जागेचा जन्म पाहावा लागतो.

राजर्षी शाहू छत्रपती १९०२ मध्ये सातव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले आणि त्या प्रवासात त्यांनी युरोप पाहिला. रोममधील प्राचीन प्रेक्षागार पाहून तसे मैदान आपल्या करवीरात असावे असे त्यांच्या मनाने घेतले, ही हकिकत कोल्हापुरात घरोघरी सांगितली जाते. त्यातून खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले आणि १९१२ मध्ये ते खुले झाले. मधोमध लाल मातीचा आखाडा आणि चहूबाजूंनी चढत जाणारी बैठक, अशी त्याची बशीसारखी रचना. अगदी वरच्या टोकाला बसलेल्या शेतकऱ्यालाही डाव दिसला पाहिजे, हा त्यामागचा विचार. मैदानाला खेटूनच नाट्यगृह बांधले गेले. ते १९१५ मध्ये सुरू झाले आणि त्याचे नाव होते पॅलेस थिएटर.

कुस्ती आणि नाटक एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे ठेवण्याची ही कल्पना मोठी अर्थपूर्ण आहे. दोन्ही कला राजाश्रयावर वाढल्या आणि दोन्हींचे खरे मालक मात्र पेठांतले प्रेक्षक झाले. भाषेनेही ही जवळीक नोंदवून ठेवली आहे. पैलवान जिथे घाम गाळतो ती तालीम आणि नट जिथे संवाद घोटवतो तीही तालीमच. मंगळवार पेठेतल्या किंवा शिवाजी पेठेतल्या माणसाला हे दोन अर्थ वेगळे करून सांगावे लागत नाहीत. शहराचे फुटबॉलवेडही याच तालमींच्या अंगाखांद्यावर वाढले. सामना, फड आणि प्रयोग या तिन्ही ठिकाणी कोल्हापूरचा प्रेक्षक सारख्याच मोकळेपणाने दाद देतो आणि तितक्याच मोकळेपणाने नापसंतीही दाखवतो.

नाट्यगृह उभे राहिले त्या काळात संगीत नाटक ऐन बहरात होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले होते आणि पुढच्या तीन दशकांत नाट्यसंगीत महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. या प्रवासात कोल्हापूरचा वाटा मोठा. अल्लादियाँ खाँ शाहू महाराजांच्या पदरी दरबारी गवई होते. गायन समाज देवल क्लबचे काम १८८३ पासून चालत आले होते. हार्मोनियमवादनात नाव मिळवलेले गोविंदराव टेंबे इथलेच, आणि १९११ मध्ये आलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्या. आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवत. त्याच हातांनी पुढे चित्रपटाचा कॅमेरा घडवला आणि बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. गाणारा, साथ करणारा, पडदा रंगवणारा आणि ऐकणारा असे सगळे एका गावात चालत जाण्याच्या अंतरावर राहत होते. पॅलेस थिएटर या सगळ्यांच्या मध्यावर बांधले गेले.

केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचा. वडील लहानपणीच गेले, शिक्षण जवळपास झालेच नाही आणि कोवळ्या वयात हा मुलगा स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकात म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीची भूमिका त्याने केली आणि तिने त्याला नाव मिळवून दिले. १९०८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, केशवरावांनी हुबळीत स्वतःची ललितकलादर्श नाटक मंडळी सुरू केली. गाण्याची तालीम त्यांनी रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे घेतली. वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ ही नाटके याच मंडळीने रंगभूमीवर आणली. नेपथ्य आणि पोशाख नीटनेटके असावेत, प्रेक्षकाला दर वेळी काही नवे दिसावे, याचा केशवरावांना ध्यास होता.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन मोठ्या, एकमेकांशी स्पर्धा असलेल्या मंडळ्यांचे मालक एका रंगमंचावर उभे राहिले, आणि दोघांचे चाहते एका छताखाली बसले. मराठी रसिकांच्या आठवणीत ती रात्र रुतून बसली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. वय अवघे एकतीस. शाहू महाराजही पुढच्या वर्षी, ६ मे १९२२ रोजी निवर्तले. पॅलेस थिएटरला नंतरच्या काळात केशवरावांचे नाव दिले गेले. राजवाड्याचे नाव काढून पोरक्या मुलातून मोठ्या झालेल्या नटाचे नाव द्यावे, ही गोष्ट शाहूंच्या गावाला शोभणारी होती.

या वास्तूबद्दल जुने कलावंत बोलू लागले की त्यांच्या बोलण्यात सजावट फारशी येत नाही, आवाज येतो. शेवटच्या रांगेत बसूनही नटाचा श्वास ऐकू यायचा, असे ते सांगतात. १९१५ मध्ये ध्वनिवर्धक नव्हता. गायकाची तान आणि खलनायकाची कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत न्यायची ती भिंतींनी, छताने आणि लाकडाने.

हे कसे घडते ते साधे आहे. नटाच्या तोंडून निघालेला शब्द प्रेक्षकाच्या कानावर आधी थेट येतो आणि मग भिंती, छत, सज्जाची कड यांवरून परावर्तित होऊन पुन्हा येतो. परावर्तित आवाज सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पोचला, तर कान त्याला वेगळा मानत नाही. तो मूळ शब्दात मिसळतो आणि शब्द भरीव होतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. म्हणजे फिरून येणाऱ्या आवाजाला थेट आवाजापेक्षा सतरा मीटरपर्यंत जास्त अंतर पडले, तरी चालते. त्याहून फार उशीर झाला की शब्दावर शब्द चढतो आणि संवाद गढूळ होतो. फार मोठ्या, उंच सभागृहांत बोलणे का कळत नाही आणि आटोपशीर नाट्यगृहात ते का कळते, याचे उत्तर इथे आहे.

दुसरी बाब आवाज विरण्याची. टाळी वाजवल्यावर तिचा नाद खोलीत किती वेळ रेंगाळतो, हे मोजण्याची पद्धत अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी १८९५ नंतरच्या काही वर्षांत घालून दिली. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका सभागृहात व्याख्यान कळतच नसे. सॅबिन रात्री शांततेत तिथे जात आणि शेजारच्या नाट्यगृहातून आणलेल्या गाद्या कमी-जास्त करत नाद मोजत. मऊ वस्तू आवाज गिळते आणि कठीण वस्तू तो परतवते, हे सर्वांना ठाऊक होतेच. किती गिळते, हे त्यांनी आकड्यांत मांडले. माणसेही आवाज गिळतात, म्हणून रिकामे नाट्यगृह आणि भरलेले नाट्यगृह यांचा आवाज वेगळा असतो. बोलण्यासाठी हा नाद सेकंदाभराच्या आसपास विरलेला बरा. मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाला तो जवळपास दोन सेकंद रेंगाळलेला हवा असतो. संगीत नाटकाची अडचण अशी की त्यात गद्य आणि पद दोन्ही येतात. संवाद स्वच्छ कळावा आणि तान कोरडीही पडू नये, असा मधला मोजका नाद त्याला लागतो. जुन्या नाट्यगृहांना तो साधला होता, कारण ती त्याच नाटकासाठी बांधलेली होती.

असा आवाज कोणत्या एका वस्तूत नसतो. चुन्याचा गिलावा, लाकडी छत, सज्जाचा पुढचा कठडा, रंगमंचाच्या फळ्या आणि त्यांखालची पोकळी, खुर्च्यांचे कापड अशा सगळ्यांचा मिळून तो होतो. आग यांतले जवळपास सगळेच घेऊन जाते. कोल्हापुरात उरलेल्या भिंती मोलाच्या आहेत. प्रेक्षागाराचे मूळ आकारमान त्यांनी जपून ठेवले आहे आणि परावर्तनाची अंतरे आकारमानावरच ठरतात. पण भिंतींवर काय लावायचे आणि वर काय घालायचे, हा निर्णय माणसांना नव्याने घ्यावा लागतो.

नाट्यगृहे एवढ्या सहज का पेटतात, हेही पाहिले पाहिजे. रंगमंचाच्या वर पडदे आणि दिवे टांगण्यासाठी उंच पोकळी असते. खाली ठिणगी पडली की ही पोकळी धुराड्यासारखी आग वर ओढते. पडदे, झालरी, प्लायवूडची नेपथ्ये आणि रंगवलेले कापड असे सगळे जळाऊ सामान एका जागी रचलेले असते. त्यातून प्रखर दिव्यांच्या वायरी जातात. आधुनिक नाट्यगृहांत रंगमंच आणि प्रेक्षागार यांच्यामध्ये आगीत न जळणारा पडदा असतो. गरज पडताच तो खाली येऊन दोन भाग तोडतो. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरात हा पडदा मध्येच अडकला, बाहेर पडायची दारे नीट उघडली नाहीत आणि ६०२ माणसे मेली. दारे बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत आणि नुसत्या धक्क्याने उघडली पाहिजेत, हा नियम त्या मृत्यूंतून जगभर रुजला. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ जण गेले, तेव्हा तोच धडा पुन्हा गिरवावा लागला. कोल्हापूरची आग भर प्रयोगात लागली असती तर काय झाले असते, हा विचार अंगावर काटा आणतो. केशवराव भोसले नाट्यगृहाचे त्याआधीच्या दशकात मोठे नूतनीकरण झाले होते. तरीही एका रात्रीत हे घडले, ही गोष्ट राज्यातल्या प्रत्येक महापालिकेने आपल्या नाट्यगृहाच्या फायलीत पहिल्या पानावर लिहून ठेवावी अशी आहे.

आगीनंतर नाट्यगृह बंद पडले. रसिकांना अशी बंदी नवी नव्हती, आणि म्हणूनच ती जास्त लागली. करोनामुळे मार्च २०२० मध्ये राज्यातली सगळी नाट्यगृहे बंद झाली. ५ नोव्हेंबर २०२० ला, मराठी रंगभूमी दिनीच, निम्म्या आसनांवर ती उघडायला परवानगी मिळाली. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्या तारखेवरून हा दिवस पाळला जातो. पुढच्या वसंतात दुसऱ्या लाटेने दारे पुन्हा मिटली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला ती परत उघडली. त्या काळात सगळा महाराष्ट्रच थांबला होता आणि सगळ्यांना एकच दुःख होते. २०२४ ची बंदी एकट्या कोल्हापूरची होती. पुण्यात, मुंबईत, सांगलीत पडदा रोज वर जात होता आणि खासबागेत मात्र कुलूप होते.

अशा कुलपाचा फटका आधी दौऱ्यांना बसतो. मुंबई-पुण्याचे व्यावसायिक नाटक दौऱ्यावर निघते तेव्हा एका गाडीत नट, नेपथ्य, कपडेपट आणि तंत्रज्ञ असा सगळा संसार असतो. ठराविक रुंदीचा मंच, ठराविक आसने आणि तिकिटांचा ठराविक गल्ला मिळाला, तरच दौरा परवडतो. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी अशी गावे ओळीने लावून तारखा घेतल्या जातात. मधले मोठे गाव गळाले की साखळीच सैल होते. शहरात दुसरी सभागृहे आहेत. दसरा चौकातले शाहू स्मारक भवन आहे, देवल क्लब आहे, राम गणेश गडकरी सभागृह आहे. व्याख्याने, मैफली, छोटे प्रयोग तिथे होतात. पण मोठ्या नेपथ्याच्या नाटकाला लागणारा मंच आणि प्रेक्षकसंख्या ही वेगळी गरज आहे.

हौशी मंडळींचा तोटा पैशांत मोजता येत नाही. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि कोल्हापूर हे तिचे जुने केंद्र. दिवसा बँकेत, शाळेत, कारखान्यात काम करून रात्री तालीम करणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा त्या मोठ्या मंचावर उभे राहायला मिळते. प्रकाशयोजना करणारा मुलगा तिथेच शिकतो. रंगभूषाकाराच्या हाताखालची पोरे तिथेच तयार होतात. मागे उभे राहून दोर ओढणाऱ्याला कोणत्या पडद्याला किती जोर लागतो हे हातानेच कळत असते. हे ज्ञान पुस्तकात नसते. वर्ष-दोन वर्षे मंच नसला की ते हातांतून जायला लागते. पंधरा वर्षांच्या मुलीचे सतराव्या वर्षी होणारे पहिले काम हुकले, तर ते विसाव्या वर्षी त्याच उत्साहाने होईलच असे नाही. बंदीचा काळ मोजायचा तो अशा हुकलेल्या पहिल्या प्रवेशांनी.

आगीतून परत आलेल्या नाट्यगृहांत व्हेनिसचे ला फेनिचे सर्वांत बोलके. नावाचा अर्थच फिनिक्स. आधीचे एक नाट्यगृह जळाल्यावर १७९२ मध्ये ते बांधले गेले, १८३६ मध्ये जळाले, पुन्हा उभे राहिले आणि २९ जानेवारी १९९६ च्या रात्री त्याच्यावर दुसऱ्यांदा राख होण्याची वेळ आली. जवळचे कालवे गाळ काढण्यासाठी कोरडे केलेले होते, त्यामुळे अग्निशमनाच्या बोटी जवळ येऊ शकल्या नाहीत. काम वेळेत न झाल्याचा दंड टाळण्यासाठी दोन वीजतंत्र्यांनी आग लावल्याचे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. व्हेनिसने निर्णय घेतला तो चार शब्दांचा: जसे होते, जिथे होते. हे शब्द त्या शहरात जुनेच होते. १९०२ मध्ये तिथला घंटामनोरा कोसळला, तेव्हाही लोकांनी हेच म्हटले होते.

निर्णय झाला तरी काम सरळ झाले नाही. निविदेवरून खटले झाले, काम थांबले, ठेकेदार बदलले. आराखडा करणारे वास्तुरचनाकार आल्दो रोसी १९९७ मध्ये वारले. त्या काळात नाट्यगृहाची मंडळी शहराबाहेरच्या एका बेटावर तंबू उभारून ऑपेरा करत राहिली आणि प्रेक्षक बोटीने तिथे जात राहिले. १४ डिसेंबर २००३ रोजी ला फेनिचे उघडले. सात वर्षे आणि साडेदहा महिने गेले होते.

जुने रूप परत आणायला त्यांना दोन अनपेक्षित गोष्टी कामी आल्या. लुकिनो व्हिस्कोंती यांनी १९५४ च्या ‘सेन्सो’ चित्रपटाची सुरुवात त्याच प्रेक्षागारात चित्रित केली होती. त्या चौकटी थांबवून, मोठ्या करून सज्जांची नक्षी आणि रंग ताडून पाहिले गेले. आणि आगीच्या काहीच आठवडे आधी ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकांनी तिथल्या नादाचे मोजमाप करून ठेवले होते. नाट्यगृह गेले, पण त्याचा आवाज आकड्यांत शिल्लक होता. बार्सिलोनाचे लिसेऊ ३१ जानेवारी १९९४ रोजी जळाले. तिथे आगरोधक पडद्याचीच दुरुस्ती चालू असताना वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या. ते १९९९ मध्ये पुन्हा उघडले तेव्हा जुन्या घाटाच्या प्रेक्षागारामागे रंगमंच मात्र सगळा नवा होता. लंडनचे ग्लोब १६१३ मध्ये तोफेच्या ठिणगीने गवती छप्पर पेटून जळाले. पुढच्याच वर्षी ते त्याच जागी उभे राहिले आणि त्यावर कौले आली.

‘जसे होते तसे’ या आग्रहाचा योग्य अर्थ ग्लोबच्या कौलांत सापडतो. प्रेक्षकाच्या डोळ्यांना आणि कानांना जे भिडते ते जुने हवे. आग ज्याच्यामुळे पसरली ते मात्र जुने नको. कोल्हापुरात राज्य शासनाने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला, मूळ रूप राखण्याची मागणी कलावंतांनी लावून धरली आणि काम मार्गी लागले. त्यात रसिकांनी ज्या गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवे त्या झुंबराच्या आणि गालिच्याच्या नाहीत. पडद्यांवर आगरोधक प्रक्रिया आहे का, वायरी वेगळ्या नळ्यांतून गेल्या आहेत का, पाण्याचे फवारे कोरडे तर नाहीत, रंगमंचामागचे दार प्रयोगाच्या वेळी कुलूपबंद तर नसते, हे प्रश्न आधीचे.

त्यानंतरचा प्रश्न आवाजाचा. वातानुकूलन यंत्राची घरघर मंद वाटली, तरी ती कुजबुजीचा प्रवेश मारून टाकते. जाड गाद्यांच्या खुर्च्या बसायला सुखाच्या असतात आणि गाण्याचा नाद पिऊन टाकतात. छत ठोकळेबाज पत्र्याचे आणि तक्तपोशी बाजारातली झाली, तर आत बसणाऱ्याला आपण कोणत्याही शहरातल्या कोणत्याही सभागृहात आहोत असे वाटेल. मग ध्वनिवर्धकाचा आवाज वाढवावा लागेल आणि ज्या गुणासाठी ही वास्तू नावाजली गेली तो गुण कायमचा जाईल. काम पुरे होण्याआधी, खुर्च्या बसवण्याआधी, एका गवयाला आणि एका नटाला त्या मंचावर ध्वनिवर्धकाशिवाय उभे करून शेवटच्या रांगेत जुन्या प्रेक्षकांना बसवले पाहिजे. यंत्राचे मोजमाप हवेच, पण ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षे तिथे नाटके ऐकली त्यांच्या कानांत जी मोजपट्टी आहे ती कोणत्याही यंत्रात नाही. ही माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत.

व्हेनिसला एका चित्रपटाने मदत केली. कोल्हापूरकडे तसा एकच मोठा चित्रपट नसला, तरी हजारो लहान पुरावे आहेत. शहरातल्या कितीतरी शाळांची स्नेहसंमेलने या मंचावर झाली. नृत्यवर्गांची सादरीकरणे, एकांकिका, सत्कार समारंभ, बालनाट्ये झाली. त्या प्रत्येक फोटोत पुढे कुणाचे तरी मूल परीच्या किंवा मावळ्याच्या वेषात उभे आहे आणि मागे मंचाची कमान, झालर, सज्जाचा कठडा, भिंतीचा रंग, छताचा एखादा कोपरा आहे. लग्नाच्या चित्रफितींच्या शेजारी कपाटात पडलेल्या कॅसेटींमध्ये त्या प्रेक्षागाराचा आवाजही आहे. ज्यांच्या घरी असे फोटो, चित्रफिती, जुनी हस्तपत्रके असतील त्यांनी त्यांची प्रत करून, मागे तारीख आणि कार्यक्रम लिहून, महापालिकेत पुनर्बांधणीचे काम पाहणाऱ्यांकडे द्यावी. मूळ प्रत घरीच ठेवावी. कठड्याची नक्षी एकदा चुकीची कोरली गेली की ती पुन्हा बदलली जाणार नाही, म्हणून हे आत्ताच करावे.